चालू औषध बंद पाडण्याचा हक्क कुणाचा?

आपल्याकडे अँटिबायोटिक मिळवायला डॉक्टर लागत नाही. घसा धरलाय, अंग कणकणतंय एवढं सांगितलं की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधला पोरगा मागच्या फळीवरून स्ट्रिप काढतो, कात्रीने सहा गोळ्या कापतो आणि 'जेवणानंतर घ्या' असं सांगून मोकळा होतो. त्याच काउंटरवर, त्याच रांगेत, अकरा वर्षं एकच गोळी घेणारा माणूस प्लास्टिकच्या पिशवीतून जाडजूड फाईल काढून उभा असतो. त्याच्याकडे चिठ्ठी आहे, रिपोर्ट आहेत, मागची बिलंही आहेत. त्याला मात्र उत्तर मिळतं, 'ही चिठ्ठी जुनी झाली, नवीन आणा.' चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात हे बघायचं असेल तर लांब जायला नको, आपल्या गल्लीतल्या मेडिकलसमोर दहा मिनिटं थांबलं तरी पुरे.

या माणसाने एरवी सगळं नियमाने केलेलं असतं. वेळेवर गोळी, वेळेवर रक्ततपासणी, वेळेवर फॉलोअप. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने डॉक्टर बदलला. बहुतेकदा तोही हौसेने बदललेला नसतो. बदली झाली, मुलाकडे राहायला यावं लागलं, जुने डॉक्टर निवृत्त झाले किंवा वारले, विमा कंपनीच्या यादीतून ते हॉस्पिटल गळालं, फी परवडेनाशी झाली. आणि हो, कधीकधी जुन्या डॉक्टरवरचा विश्वासही उडालेला असतो. तोही पेशंटचा हक्कच आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत १७ हक्क आहेत. त्यात दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क आहे, आपले कागद मिळण्याचा हक्क आहे, औषध कुठून घ्यायचं ते ठरवण्याचा हक्क आहे आणि उपचारांत खंड न पडण्याची गोष्टही आहे. सनद वाचून ऊर भरून येतो. अडचण एवढीच की जुना डॉक्टर सुटणं आणि नवा डॉक्टर भेटणं यांच्यामध्ये जे तीन-चार आठवडे जातात, त्यात गोळ्या कुणी द्यायच्या हे ना सनदेला माहीत आहे ना डॉक्टरांना.

त्या आठवड्यांबद्दल हा लेख आहे.

माझ्या नात्यातल्या एका बाईंना फिटचा त्रास आहे. लेव्हेटिरासिटॅम आणि क्लोबाझॅम या दोन गोळ्यांवर त्या तीन वर्षं पूर्ण ठीक होत्या. नवऱ्याच्या बदलीमुळे त्या नाशिकहून पुण्याला आल्या. पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळाली ती पाच आठवड्यांनंतरची. हातात गोळ्या होत्या बारा दिवसांच्या. नाशिकच्या क्लिनिकला फोन केला, तर रिसेप्शनवरून सांगण्यात आलं की सर फोनवर औषध लिहून देत नाहीत, तुमची शेवटची व्हिजिट सात महिन्यांपूर्वीची आहे, येऊन दाखवून जा. आणि तुम्ही तर तिकडे दुसऱ्यांना दाखवणार आहात ना, मग त्यांच्याकडूनच घ्या. पुण्यातल्या क्लिनिकचं म्हणणं, पेशंट बघितल्याशिवाय मॅडम काहीही लिहीत नाहीत. सोसायटीजवळचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, हे न्यूरोचं काम आहे, मी त्यात हात घालत नाही. मेडिकलवाल्याने लेव्हेटिरासिटॅम दिली, क्लोबाझॅमला हात जोडले. ती झोपेच्या गोळ्यांच्या कुळातली, त्यावर तपासणी येते म्हणाला. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना.

मग या बाईंनी तेच केलं जे अशा वेळी आपल्या देशात लोक करतात. गोळी अर्धी केली. बारा दिवसांची गोळी चोवीस दिवस पुरवायची, असा साधा संसारी हिशेब. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या जिन्यात त्यांना फिट आली. कपाळाला सात टाके पडले. हॉस्पिटलच्या कागदावर जी नोंद झाली ती मी स्वतः वाचली आहे: पेशंटने औषध स्वतःहून कमी केले.

स्वतःहून! या एका शब्दावर माझा सगळा राग आहे. चार दरवाजे ठोठावून एकही न उघडलेल्या माणसाबद्दल ही भाषा. वैद्यकीय व्यवसायात यासाठी एक गुळगुळीत शब्दही आहे, 'कम्प्लायन्स'. पेशंट कम्प्लायंट आहे की नाही, म्हणजे सांगितल्याबरहुकूम वागतो की नाही. व्यवस्था कम्प्लायंट आहे का, असा रकाना मात्र कुठल्याच केसपेपरवर नसतो.

आता हे सगळं 'थोडी गैरसोय' म्हणून सोडून देता आलं असतं, जर औषधं अशी मध्येच थांबवणं निरुपद्रवी असतं तर. ते तसं नाही, हे वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. फिटची औषधं अचानक थांबली तर फिट परत येतेच, शिवाय एकामागून एक न थांबणाऱ्या फिट येऊन जीवही जाऊ शकतो. काही आठवड्यांपेक्षा जास्त काळ प्रेडनिसोलोन घेणाऱ्याचं शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं; गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळतो, माणूस कोसळतो. क्लोनिडिन थांबवलं तर रक्तदाब उसळी मारतो. हृदयविकाराच्या पेशंटने बीटा ब्लॉकर एका दिवसात सोडलं तर छातीत दुखणं बळावू शकतं. नवीन स्टेंट टाकलेल्या माणसाचं क्लोपिडोग्रेल चुकलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. किडनी बदललेल्या माणसाचं टॅक्रोलिमस चुकलं तर शरीर ती किडनी नाकारू लागतं. लिथियम अचानक तुटलं तर उन्माद परत येण्याचा धोका वाढतो. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन एकदम बंद झालं की भोवळ, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं सुरू होतं, आणि पेशंटला वाटतं आपला आजारच उलटला. अल्प्राझोलॅमसारखी गोळी वर्षानुवर्षं घेऊन एका रात्रीत सुटली तर कधी फिटही येते.

म्हणजे 'मी तपासल्याशिवाय औषध लिहिणार नाही' हे वाक्य ऐकायला जितकं जबाबदार वाटतं तितकं ते नाही. चालू असलेलं औषध न देणं म्हणजे ते बंद करणं. आणि बंद करणं हासुद्धा उपचारातला बदलच, तोही तपासल्याशिवाय केलेला. फरक एवढाच की या बदलाच्या चिठ्ठीवर कुणाची सही नसते. उद्या काही झालं तर डॉक्टरचं नाव कागदावर नाही. पेशंटचं मात्र असतं.

कुणाला वाटेल की कायद्यानेच हात बांधले आहेत, बिचारे डॉक्टर काय करणार. म्हणून कायदा बघू. औषधांच्या विक्रीचे नियम १९४५ सालचे आहेत. त्यातल्या ६५व्या नियमात चिठ्ठी कशी असावी हे सांगितलं आहे: ती लेखी हवी, सही आणि तारीख हवी, पेशंटचं नाव-पत्ता हवा, एकूण किती औषध द्यायचं ते हवं. पुढे म्हटलं आहे की एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यावं. मात्र ही चिठ्ठी पुन्हा चालेल असं डॉक्टरने लिहिलं असेल तर पुन्हा द्यावं. किती वेळा आणि किती दिवसांच्या अंतराने हेही डॉक्टर लिहू शकतो, आणि तसं लिहिलं असेल तर दुकानदाराने त्याप्रमाणेच वागायचं. प्रत्येक वेळी औषध दिल्यावर त्याने चिठ्ठीवर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची.

परत एकदा वाचा. ज्याला परदेशात 'रिफिल' म्हणतात त्याची तरतूद आपल्या नियमांत ऐंशी वर्षांपासून आहे. डॉक्टरला एक ओळ लिहायची आहे: 'ही चिठ्ठी दर ३० दिवसांनी, सहा वेळा चालेल.' एवढ्याने अर्धा प्रश्न मिटतो. तुमच्या घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून बघा. मी काढल्या. 'रिपीट ऑल', 'सेम टू कंटिन्यू', '१-०-१ × १ महिना' असं सगळं सापडलं, ती ओळ एकाही चिठ्ठीवर सापडली नाही.

का लिहीत नाहीत? पहिलं कारण म्हणजे सवय. कुणी शिकवलेलंच नाही. दुसरं कारण जरा अवघड आहे, पण पोलेमिक लिहायला बसलोय तर बोलून टाकतो. ती ओळ लिहिली की पेशंट सहा महिने येत नाही. स्थिर आजाराच्या पेशंटची दरमहा होणारी तीन मिनिटांची व्हिजिट, ज्यात 'कसं वाटतंय, बरं, हेच चालू ठेवा' एवढंच होतं, ती अनेक क्लिनिकची मासिक मिळकत आहे. सगळे डॉक्टर असा हिशेब करतात असं मी म्हणत नाही. पण हा हिशेब कुणीच करत नाही असं जो म्हणेल त्याने कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या संध्याकाळच्या ओपीडीत तासभर बसून यावं.

उलट टोकाला सरकारी दवाखाना. तिथे मिळकतीचा प्रश्न नाही, तरी अनेक ठिकाणी मनोविकाराचं औषध पंधरा दिवसांचं किंवा महिन्याचंच मिळतं. म्हणजे खेड्यातल्या माणसाने त्यासाठी मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून, सोबत घरचं एक माणूस घेऊन जिल्ह्याच्या गावाला यायचं. भारतात दर लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा भरत नाही. त्या एकाला महिन्याला हजारो स्थिर पेशंटांच्या जुन्याच गोळ्या पुन्हा लिहायला बसवायचं, आणि मग नव्या पेशंटला वेळ मिळत नाही म्हणून हळहळायचं! २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की अत्यावश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर सगळ्या सरकारी ठिकाणी, सर्व काळ, मोफत मिळाली पाहिजेत. 'सर्व काळ' हे शब्द कायद्यातले आहेत. डॉक्टर बदलण्याचा काळ त्यातून वगळलेला नाही.

आणखी एक गंमत. मार्च २०२०मध्ये, टाळेबंदी लागली त्याच दिवसांत, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. चांगलं काम होतं. त्यात औषधांच्या याद्या केल्या आहेत: कुठली पहिल्याच भेटीत दूरून लिहिता येतील, कुठली फक्त फॉलोअपला. पण फॉलोअप म्हणजे काय? त्याच डॉक्टरशी, त्याच आजारासाठी, आधीच्या प्रत्यक्ष भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत झालेला संवाद. म्हणजे अकरा वर्षं एकच गोळी घेणारा माणूस डॉक्टर बदलताक्षणी कोरा होतो. त्याचा आजार अकरा वर्षांचा, पण नात्याचं वय शून्य. आजार पेशंटच्या शरीरात असतो, हे त्या व्याख्येला मान्य नाही; तो डॉक्टरच्या फाईलमध्ये असतो असं तिचं म्हणणं. शिवाय मादक आणि मनःप्रभावी पदार्थांच्या कायद्यात मोडणारी औषधं दूरून लिहिण्यावर बंदी घातली. त्यामागचं कारण समजतं, पण त्याची झळ कुणाला बसते तेही बघायला हवं.

सर्वांत जास्त झळ कॅन्सरच्या पेशंटांना बसते. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातून 'आता घरी न्या' असं सांगून पाठवलेला माणूस विदर्भातल्या किंवा कोकणातल्या आपल्या गावी येतो. सोबत मॉर्फिनच्या गोळ्या असतात, मोजक्या. २०१४च्या दुरुस्तीने कायदा सोपा झाला, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणं पूर्वीइतकं कठीण राहिलं नाही. पण मान्यता घेतलेली संस्था गावापासून किती लांब आहे यावर त्या माणसाच्या शेवटच्या रात्री ठरतात. वेदनेने ओरडणाऱ्या बापाला घेऊन 'नवीन डॉक्टरकडे नाव नोंदवा' हे ऐकणाऱ्या मुलाला कुठल्या तोंडाने सांगायचं की हे सगळं गैरवापर टाळण्यासाठी आहे?

कागदांचंही तेच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारनियमांनुसार पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत त्याचे वैद्यकीय कागद द्यायचे असतात. प्रत्यक्षात छोट्या क्लिनिकमध्ये कागद म्हणून जे असतं ते एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर डॉक्टरलाच वाचता येईल अशा अक्षरात तारखा आणि बाण. ते कार्ड मागितलं की वातावरण बदलतं. 'कशाला हवंय? कुणाला दाखवताय? केस करायचीय का?' माहेर सोडून जाणाऱ्या मुलीलासुद्धा लोक साडी-चोळी देऊन पाठवतात. इथे दहा वर्षं फी भरलेल्या पेशंटला एक सारांशपत्र मिळत नाही. नवीन डॉक्टर मग म्हणतात की आम्हाला इतिहास माहीत नाही, सगळ्या तपासण्या पुन्हा करू. चौदा आकड्यांचा आरोग्य क्रमांक मिळाला, मोबाइलवर ॲप आलं, पण त्या ॲपमध्ये माझ्या नातेवाईक बाईंची चिठ्ठी कुणी चढवलेलीच नव्हती. क्रमांक प्रवास करतो, माहिती जागच्या जागीच राहते.

नवीन डॉक्टर एकदाचे भेटले की पहिला प्रश्न येतो, 'हे कुणी लिहून दिलंय?' त्या प्रश्नाचा सूर मराठी पेशंटला लगेच ओळखता येतो. जुन्या गवंड्याच्या भिंतीवर नवा गवंडी थाप मारून बघतो, तोच हा सूर. मग ब्रँड बदलतो. औषध तेच, कंपनी वेगळी, आणि ती कंपनी बहुधा क्लिनिकच्या खालच्याच दुकानात मिळते. डॉक्टरांना कंपन्यांनी दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च करातून वजा करता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाला २०२२मध्ये सांगावं लागलं, यावरून या झाडाची मुळं कुठे आहेत ते कळतं. २०१६पासून आचारनियम सांगतात की औषधाचं मूळ नाव सुवाच्य अक्षरात लिहा. ते लिहिलं असतं तर पेशंटला निदान कळलं असतं की नवी गोळी म्हणजे जुनीच गोळी आहे. ते न कळल्यामुळे दोन्ही ब्रँड एकत्र घेणारे, म्हणजे एकाच औषधाचा दुप्पट डोस घेणारे म्हातारे मी पाहिले आहेत.

ब्रँड बदलणं प्रत्येक औषधाच्या बाबतीत घातक असतं असं नाही. बहुतेक वेळा काही होत नाही. पण काही औषधांत थोडा फरकही पुरतो. १९६८मध्ये ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमध्ये भर म्हणून वापरायचा पदार्थ बदलला, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज घातलं. औषधाचं वजन तेवढंच होतं. पण ते शरीरात जास्त शोषलं जाऊ लागलं आणि आधी नीट असलेल्या फिटच्या पेशंटांमध्ये विषबाधेची लक्षणं दिसली. आज हा प्रसंग औषधशास्त्राच्या वर्गात शिकवतात. शिकून बाहेर पडलेले मात्र पहिल्या भेटीत, फिट नसलेल्या पेशंटचा ब्रँड कारण न सांगता बदलतात.

आता दुसरी बाजू. ती नाही असं म्हणणं लबाडीचं होईल.

डॉक्टर म्हणतील, न बघितलेल्या माणसाला औषध लिहिणं हा गुन्हा ठरू शकतो. काही झालं तर नातेवाईक क्लिनिक फोडतील. ही भीती खोटी नाही, फोडतातही. ते असंही म्हणतील की जुनं औषध चुकीचं असू शकतं, डोस धोकादायक असू शकतो, लिथियम घेणाऱ्याची किडनी तपासायला हवी, आणि वर्षानुवर्षं तपासणी न करता 'रिपीट' मारत बसल्यानेच लोकांचं नुकसान होतं. हेही खरं आहे. आणि झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेले लोक दर आठवड्याला नवा डॉक्टर, नवी कहाणी घेऊन येतात, हे तर प्रत्येक डॉक्टरने पाहिलं आहे. म्हणूनच मार्च २०१४पासून एच-वन अनुसूची लागू झाली. त्यातल्या अल्प्राझोलॅम, ट्रमाडॉल, झोल्पिडेम अशा औषधांची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षं ठेवायची असते.

या सगळ्याला मी एकच विचारतो. यातला कुठला आक्षेप तीस दिवसांच्या गोळ्यांना लागू होतो? पेशंटकडे जुनी चिठ्ठी आहे, मेडिकलची बिलं आहेत, गोळीचं रिकामं पाकीट आहे आणि पुढच्या भेटीची तारीख ठरलेली आहे. अशा माणसाला तेच औषध, त्याच डोसमध्ये, त्या तारखेपर्यंत देणं म्हणजे काही त्याला नवं औषध सुरू करणं नव्हे. डोस चुकीचा असेल तर भेटीत बदला, हळूहळू उतरवा. आठ वर्षांची चूक पाच आठवडे आणखी चालणं हे ती एका रात्रीत तोडण्यापेक्षा बहुतेक वेळा कमी धोक्याचं असतं. सवयीच्या गोळ्यांसाठी मर्यादा कडक करा, सात दिवसांच्याच द्या, वहीत नोंद करा. पण सरसकट नाही म्हणणं म्हणजे शंभरातल्या दोन लबाडांना पकडण्यासाठी अठ्ठ्याण्णव प्रामाणिकांना जिन्यावरून ढकलणं. आणि ते दोन लबाड पकडलेही जात नाहीत. त्यांना कुठल्या दुकानात काय मागायचं ते पक्कं माहीत असतं. नियमात सापडतो तो नियम पाळणाराच.

हे कुठे जमलेलं नाही असंही नाही. ब्रिटनमध्ये तातडीच्या वेळी फार्मासिस्ट, खात्री करून घेऊन, पेशंटचं चालू औषध चिठ्ठीशिवाय ३० दिवसांपर्यंत देऊ शकतो. नियंत्रित औषधं त्यातून वगळली आहेत, पण फिटच्या पेशंटसाठी फिनोबार्बिटोन पाच दिवसांचं देण्याची सोय मुद्दाम ठेवली आहे. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जिन्यात पडलेला माणूस होता, हे त्या पाच दिवसांवरून कळतं. अमेरिकेत ओहायो राज्यात इन्सुलिनची चिठ्ठी संपलेला एक तरुण सुट्ट्यांच्या दिवसांत डॉक्टरशी संपर्क न झाल्याने २०१४च्या सुरुवातीला दगावला. त्याच्या घरच्यांनी पाठपुरावा केला आणि त्याच्या नावाने कायदा झाला, 'केव्हिन्स लॉ'. तिथल्या फार्मासिस्टला आता अशा वेळी जीवरक्षक औषध महिनाभराचं देता येतं. तिथेही कायद्यासाठी आधी एक माणूस मरावा लागला. आपल्याकडे किती मेले याची नोंद नाही, कारण आपल्या कागदावर 'स्वतःहून बंद केले' असं लिहिलेलं असतं.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. रक्तदाबाच्या राष्ट्रीय उपक्रमात, ज्यात महाराष्ट्रातले काही जिल्हे सुरुवातीपासून होते, उपचाराचा एकच साधा क्रम ठरवून दिला, गोळ्या घराजवळच्या उपकेंद्रात ठेवल्या आणि स्थिर पेशंटला निदान महिन्याच्या गोळ्या तिथेच द्यायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी डॉक्टरने बघायची अट ठेवली नाही. आकाश कोसळलं नाही. रक्तदाबाला जे चालतं ते फिटला, थायरॉइडला, नैराश्याला, सांधेवाताला का चालू नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

म्हणून मागणी अगदी मर्यादित आहे. जुन्या डॉक्टरने, पेशंट जाणार हे कळल्यावर, रुसवा न धरता एक पानाचं पत्र द्यावं: आजार, औषधांची मूळ नावं, डोस, कधीपासून, आधी काय वापरून पाहिलं आणि का सोडलं, पुढची तपासणी कधी. सोबत तीन महिने चालणारी चिठ्ठी. नवीन डॉक्टरने, भेट लांबची असेल तर, कागद बघून भेटीच्या तारखेपर्यंतचं चालू औषध लिहावं. किंवा फॅमिली डॉक्टरला 'तुम्ही लिहा' असं चार ओळींत कळवावं. फॅमिली डॉक्टरने 'हे स्पेशालिस्टचं' म्हणून हात झटकू नयेत. औषध सुरू करायला स्पेशालिस्ट लागतो, चालू ठेवायला दरवेळी लागत नाही. आणि सरकारने टेलिमेडिसिनमधल्या फॉलोअपच्या व्याख्येतून 'तोच डॉक्टर' ही अट काढून 'तेच औषध, पुराव्यासह' अशी अट घालावी, आणि नोंदणीकृत फार्मासिस्टला चालू औषध तातडीने देण्याचा मर्यादित, नोंदीसह अधिकार द्यावा. तो दोन-चार वर्षं औषधशास्त्र शिकून आलेला असतो. आपण त्याला कात्रीने स्ट्रिप कापायला बसवलं आहे.

यातलं सरकारचं काम सरकार करेल तेव्हा करेल. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी चिठ्ठी हातात पडली की खुर्चीतून उठायच्या आधी म्हणा, 'डॉक्टर, ही किती वेळा चालेल तेवढं यावर लिहून द्या. आणि औषधाचं मूळ नावही.' ते चमकून बघतील. तुमच्या मागे वीस पेशंट खोळंबले आहेत असंही सांगतील. तरी उठू नका. लिहायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते लिहिण्याची मुभा त्यांना १९४५पासून आहे.